आत्याचं कपाट आणि तुझा ट्रेलर

प्रिय चिनू,

तू तिकडे अमेरिकेत घ्यायचा म्हणतेस त्या, गाडीमागे ओढून न्यायच्या राहायच्या ट्रेलरचे फोटो मिळाले. आईने ते तिघींना दाखवले सुद्धा, म्हणते यातला ओटा आपल्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीपेक्षा मोठा आहे नि टेबलाचा पलंग होतो हे तर तिला इतकं आवडलंय की आता आपल्याकडेही तसं काहीतरी करून घ्या म्हणून माझ्या मागे लागलीये. मी फोटो कमी बघितले. तू सोबत ते माहितीपत्रक नि गाडीचं मॅन्युअल पाठवलंस ना, ते वाचत बसलो, तीन रात्री. फोनवर बोललो असतो पण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस नि मागे पिल्लं ओरडत असतात, म्हणून लिहून राहिलोय, सावकाश वाच नि जावईबापूंनाही वाचायला दे.

तू लिहिलंस की विकणारा म्हणाला, तुमची गाडी ३५०० पाउंड ओढते, हा ट्रेलर २७०० चा आहे, मग विचार कसला. चिनू, गाडी ओढेल गं. ओढायचं काय, आपल्याकडे बंद पडलेला ट्रक सुद्धा ट्रॅक्टरला टोचन लावून आणतात. प्रश्न ओढण्याचा नाहीये. मागचं वजन पुढच्याला हलवायला लागलं तर काय, नि उतारावर ते थांबतं का, हा आहे. हे मी पीथमपूरच्या कारखान्यात टेस्टिंगला २८ वर्षं होतो, रेतीची पोती भरून गाड्यांचे ब्रेक तपासले, म्हणून सांगत नाहीये. आत्याच्या कपाटामुळे सांगतोय.

तुझ्या खोलीतलं ते लोखंडी कपाट, ज्याचं डावं दार उचलून लावावं लागतं. तू शाळेत असताना दर सकाळी त्या दाराशी भांडायचीस. तुला आम्ही सांगितलं होतं की ते घर बदलताना जिन्यावरून पडलं. नाही पडलं. ते मी पाडलं, भेरूघाटात, १९८९ साली, तू जन्मायच्या आधी.

आत्याचं बिऱ्हाड बडवाहला न्यायचं होतं, काकांची बदली झाली होती. ट्रक भाड्याने घ्यायचे पैसे वाचवू म्हणून मीच शहाणपणा केला, एका मित्राची जीप नि महूच्या मिलिटरी डिस्पोजलमधून घेतलेली दोन चाकांची ट्रॉली. मी कारखान्यात नवा नवा लागलेलो, मला वाटायचं मला गाड्यांतलं सगळं कळतं. सामान भरायला घेतलं तेव्हा जे हाताशी आलं ते आधी गेलं, गाद्या, गोधड्या, बादल्या, पोरांची झोळी, हे सगळं पुढे. कपाट वरच्या मजल्यावर, ते उतरवायला चार माणसं लागणार म्हणून ते शेवटी आलं, नि शेवटी आलं म्हणून सगळ्यात मागे बसलं, शेपटाला, वर सुंभाने करकचून बांधलं. त्याच्या पोटात आत्याची पितळी भांडी. कोणालाच काही खटकलं नाही. मला सुद्धा नाही.

सिमरोलपर्यंत मस्त चाललं. पुढे उतार लागला, जीप पन्नासच्या आसपास गेली असेल, तर मागून कोणीतरी हलकेच ढुशी दिल्यासारखं वाटलं. मला वाटलं पंक्चर. आरशात बघतो तर ट्रॉली डाव्या आरशात दिसते, मग उजव्या, मग परत डाव्या, नि दर वेळी जास्तच दिसते. काका शेजारी होते, ते "अरे अरे" म्हणाले, नि मी जे कोणीही करेल तेच केलं, ब्रेक दाबला. जीप हळू झाली, ट्रॉली नाही झाली. तिने जीपचं मागचं अंगच ढकलून दिलं, आम्ही आडवे झालो नि डोंगराच्या बाजूच्या नालीत जाऊन टेकलो. डोंगराच्या बाजूच्या, हे लक्षात घे. दुसऱ्या बाजूला गेलो असतो तर हे पत्र नसतं. कपाटाचं दार दगडावर आपटलं. कोणाला खरचटलं सुद्धा नाही, फक्त काकांची एक चप्पल गेली ती गेलीच, नि ते त्यानंतर उभ्या आयुष्यात माझ्या गाडीत बसले नाहीत, हे तुला माहीतच आहे, कारण माहीत नव्हतं.

मागून एक ट्रक आला, ड्रायव्हर उतरला, म्हातारा माणूस. आम्हाला काही विचारलं नाही. ट्रॉलीचा हूक काढायला लावला नि तिचा पुढचा दांडा एका हाताने, अक्षरशः एका हाताने वर उचलून दाखवला. म्हणाला, "नाक हल्की, पूंछ भारी. नाचेगी नहीं तो क्या करेगी?" मग तिथेच रस्त्यावर सगळं उतरवून परत भरलं, कपाट चाकांच्या जरा पुढे, भांडी खाली, गाद्या मागे. दीड तास गेला. त्यानंतर बडवाहपर्यंत तीच ट्रॉली, तीच जीप, तोच रस्ता, गायीसारखी मागे आली. आत्याने ते पोचा पडलेलं कपाट घेतलंच नाही, म्हणाली दादा तूच ठेव, म्हणून ते आपल्याकडे.

ते नाक म्हणजेच तुमच्याकडचं टंग वेट. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढे गाडीच्या हुकवर पडलं पाहिजे. १० च्या खाली गेलं की आमच्यासारखा नाच. खूप जास्त झालं तरी वाईटच, गाडीची मागची बाजू बसते, पुढची उचलल्यासारखी होते, नि तुझी गाडी पुढच्या चाकांनी वळते नि ब्रेकचा मोठा भारही पुढचीच चाकं घेतात, म्हणजे स्टीअरिंग हलकं नि ब्रेक कच्चे. जड सामान खाली नि चाकांच्या किंचित पुढे. नि तू त्या दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लावणार आहेस असं लिहिलंयस. तेच आत्याचं कपाट आहे चिनू. सायकली आत घाल नाहीतर घरी ठेव.

आता तो ३५०० चा आकडा. तो विसर. ड्रायव्हरचं दार उघड, खांबावर टायरच्या हवेचं एक छोटं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं नि सामान मिळून अमुक पाउंडाच्या वर जायला नको. तो आकडा खरा. तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, सनरूफ घेतलं, मोठी चाकं घेतली की कमी होतो. समज तुझ्या गाडीचा ९०० आहे. तुम्ही दोघं मिळून ३२० (आई म्हणते जावईबापूंचं जरा वाढवून धरा, मी नाही धरलं), पिल्लं १२०, झाले ४४०. बॅगा, बर्फाची पेटी, ती ढकलगाडी, १५०. हुकचं सामान स्वतःच ४०. राहिले २७०. आता ट्रेलरचं नाक. माहितीपत्रकात २७०० लिहिलंय ते कोरं वजन, बहुतेक वेळा त्यात बॅटरी धरलेली नसते, गॅस नसतो, पाणी नसतं, भांडीकुंडी नसतात. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंड, ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे पाउंड नुसतं पाणी. २० पाउंडवाला गॅस सिलिंडर भरलेला असला की टाकीसकट ३७ च्या आसपास जातो, नि तो बसतो नेमका नाकावर. प्रवासाला निघताना तो ट्रेलर ३२०० च्या खाली असेल असं मला वाटत नाही. त्याच्या सगळ्यात कमी १० टक्के धरले तरी ३२०, नि तुझ्याकडे शिल्लक २७०. म्हणजे ओढायच्या हिशोबात गाडी पास नि उचलायच्या हिशोबात नापास, नि विकणारा फक्त पहिला पेपर दाखवतो. टाकी रिकामी ठेवून निघ, पाणी तिथे पोचून भर, एवढ्याने सुद्धा फरक पडतो.

मॅन्युअलमध्ये अजून एक ओळ आहे ती कोणी वाचत नाही, ट्रेलरच्या समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ. छोट्या गाडीला हवाच जास्त मारते. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, ५५ वरून ६५ मैलावर गेलीस की रेटा ४० टक्क्यांनी वाढतो, नि ते उभं पांढरं खोकं म्हणजे मागे भिंत ओढत नेण्यासारखं आहे. त्यापेक्षा तो दुसरा, ज्याचं छत खाली बसतं नि मुक्कामाला उघडतं, तो मला जास्त आवडला. वजन कमी, हवा कमी. आईला त्याचं स्वयंपाकघर लहान वाटतं. ते तुम्ही दोघी बघा.

नाक मोजायला मशीन आणायची गरज नाही. बाथरूममधला वजनकाटा घे. एक मजबूत फळी, एका टोकाला वीट, दुसऱ्या टोकाला काटा, विटेवर नि काट्यावर मधोमध पाइपचा एकेक तुकडा, दोन पाइपमध्ये बरोबर तीन फूट अंतर. ट्रेलरचं नाक विटेकडच्या पाइपपासून एक फुटावर नि काट्याकडच्यापासून दोन फुटांवर टेकव. काटा जे दाखवेल त्याला तीनने गुण. १२० दाखवलं तर ३६०. फळीचं वजन आधी बघून वजा करायचं. ट्रेलर सपाट जमिनीवर, घरंगळू नये म्हणून चाकांना दोन्हीकडून ओट, नि पूर्ण भरलेला, जसा निघणार तसाच. जावईबापू इंजिनियर आहेत, त्यांना मजा येईल.

पूर्ण वजनासाठी धर्मकाटा. तिकडे ट्रक स्टॉपवर असतात, कॅट स्केल म्हणतात, थोडे डॉलर लागतात नि पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं, ट्रेलरचं असं वेगवेगळं छापून देतात. एकदा ट्रेलर लावून नि एकदा नुसती गाडी. ट्रेलर लावल्यावर पुढच्या चाकांवरचं किती कमी झालं ते बघ. ते वजन पुन्हा पुढे ढकलायला वेट डिस्ट्रिब्युशन हिच मिळतो, दुकानदार तो सुचवेलच, पण काही छोट्या गाड्यांच्या कंपन्या तो लावायला मनाई करतात, आधी मॅन्युअल बघ. नि त्याने गाडीची ताकद वाढत नाही, फक्त वजनाची वाटणी बदलते, हे दुकानदार सांगेलच असं नाही.

ब्रेकवर मी जरा जास्त बोलणार. कोलोरॅडोत ३००० पाउंड नि त्यावरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, नि तुझ्या मॅन्युअलमध्ये तर १००० च्या वरच लावा म्हटलंय. ट्रेलरच्या चाकांत विजेचे ब्रेक असतात, पण ते चालवणारा कंट्रोलर गाडीत वेगळा बसवावा लागतो, छोट्या गाडीत त्याची वायरिंग बहुतेक नसतेच. तो खर्च टाळू नकोस. बसवल्यावर रिकाम्या जागेत २०-२५ मैलावर ब्रेक दाबून बघायचं, ट्रेलरने मागून धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे पण चाकं घासली नाही पाहिजेत, त्याप्रमाणे जोर कमी-जास्त करायचा. त्या कंट्रोलरला हाताने दाबायचा एक खटका असतो. तो कुठे आहे हे अंधारात सुद्धा तुमच्या दोघांच्या हाताला माहीत पाहिजे. कारण ट्रेलर डोलायला लागला तर पायाने ब्रेक नाही मारायचा, मी मारला होता. ॲक्सिलरेटर सोड, स्टीअरिंग सरळ धरून ठेव, उलटसुलट वळवून त्याला सावरायला जाऊ नकोस, नि तो खटका हळूहळू दाब. फक्त ट्रेलर ओढून धरला जातो, दोरी ताणल्यासारखी सरळ होते. माझ्या ट्रॉलीला ब्रेकच नव्हते, पण निदान पाय तरी आवरायला हवा होता.

तुम्ही यलोस्टोनला जाणार म्हणताय, म्हणजे लॅरमी ते रॉलिन्स तो आय-८० चा पट्टा लागणार. तिथल्या वाऱ्याबद्दल वाचलं, वारा चढला की हलक्या नि उंच गाड्यांना रस्ताच बंद करतात. तुमचं खोकं त्यातच मोडतं. त्या दिवशी बंद आहे म्हणाले तर बंद आहे, बुकिंग गेलं तर जाऊ दे, नि बंद नसला पण गाडी हलायला लागली तरी थांब. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी हवा बाहेर ढकलते नि मग आत ओढते, ते पहिल्यांदा होतं तेव्हा माणूस दचकून जोरात वळवतो. दचकायचं नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर मागे असला की ५५ च्या वर चालवायचीच बंदी आहे, मला ते पटतं. तुला कोण ८० ने ओव्हरटेक करतंय याच्याशी काय घेणं.

घाटाबद्दल. तुला आठवतं, लहानपणी मीटरगेजने ओंकारेश्वरला गेलो होतो, कालाकुंडला कलाकंद खाऊन तुझा फ्रॉक भरला होता. त्या आधी पाताळपाणीला गाडी बराच वेळ थांबली नि तू कंटाळून रडायला लागलीस. ती तिथे ब्रेक तपासायला थांबायची. पुढे ४० फुटाला १ फूट उतार, तो सुरू व्हायच्या आधी, वरच. खाली जाताना नाही. तुम्हीही तसंच करा, उतार लागायच्या आधी वरच वेग कमी करा, गिअर खाली आणा, इंजिनाला गाडी धरू द्या. वेग वाढला की ब्रेक जरा जोरात दाबून कमी करायचा नि सोडून द्यायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही, ब्रेक तापले की पेडल मऊ होतं नि मग काही उरत नाही. जळका वास आला की थांबायचं. आपल्याकडे गणपती घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकचं काय व्हायचं ते तू पेपरमध्ये वाचलंयस.

नि चढाला इंजिनाची दया कर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला ३ टक्क्यांच्या आसपास ताकद हरवतं. टोगोटी पास ९६५८ फूट, म्हणजे चौथा हिस्सा तरी गेलाच. तुमच्या गाडीतला सीव्हीटी, म्हणजे बिनपायऱ्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तापतो, मॅन्युअलमध्ये लांब चढ नि कडक ऊन असेल तर ट्रेलर अजून हलका ठेवा असं लिहिलेलंच आहे. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला तर एसी बंद नि हीटर चालू, पिल्लं ओरडतील, ओरडू दे.

बाकी बारीकसारीक. हुकचा गोळा नि कपलर, म्हणजे ट्रेलरचं त्यावर बसणारं तोंड, दोन्हींचा आकडा एकच पाहिजे. दोन इंची कपलर पावणेदोन-दोनच्या मधल्या, त्या १ पूर्णांक ७/८ इंचाच्या गोळ्यावर बसतो सुद्धा, कुलूपही लागतं नि पहिल्या खड्ड्यात निसटतो. म्हणून लावून झालं की ट्रेलरच्या जॅकने नाक वर उचलून बघायचं, गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर लागलंय. साखळ्या खालून फुलीसारख्या, म्हणजे निसटलं तर नाक त्यांच्या झोळीत पडेल. ती बारीक तार, ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी, ती साखळीला नाही बांधायची, गाडीच्या मजबूत भागाला वेगळी. टायर नव्यासारखे दिसतात म्हणून फसू नकोस, ट्रेलर जुना आहे. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघ, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, असले असतील तर बदलूनच टाक. ट्रेलरचे बरेच टायर ६५ मैलापर्यंतचेच असतात. चाकाचे नट पहिल्या ५० मैलांनंतर परत आवळायचे, हे कारखान्यातही पोरं विसरायची.

रिव्हर्सचं काय सांगू, ते हातानेच शिकावं लागतं. छावणीच्या मंडीत पंधरा-सोळा वर्षांची पोरं गव्हाची ट्रॉली एका फटक्यात मागे लावतात, मी २८ वर्षं गाड्यांत काढून मला ते कधी नीट जमलं नाही. हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धर, ट्रेलर जिकडे न्यायचाय तिकडे हात ने. लहान ट्रेलर लवकर वळतो, लवकर घडी होतो. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास, पिल्लं घरी ठेवून, नि एकमेकांवर ओरडायचं नाही. मागे उभा राहणारा माणूस आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की थांब.

विकत घ्यायच्या आधी तो छत बसणारा तीन दिवस भाड्याने मिळतो का बघ. पैसे मी देतो, आईला सांगू नकोस.

आईने आत्ता वाचलं, म्हणते गॅसचं लिहा, चालत्या गाडीत सिलिंडर बंद ठेवायला सांगा. बरोबर आहे, बंद ठेवा. नि ती विचारते त्या ओट्यावर पाच लिटरचा कुकर राहील का.

दार उघडून त्या स्टिकरचा फोटो पाठव. आमच्या रात्री साडेनऊला, तुझ्या सकाळी दहाला, फोन कर, मी कागद पेन घेऊन बसतो.

तुझा,
बाबा

ता. क. कपाटाची गोष्ट आत्याला विचारू नकोस, ती चपलेपासून सुरू करते.